काट्यावर कोण होतं?

दाभण · रवि, १४/०५/२०२३ - २२:१७

बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं. घरी ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की आता मलाच ओळखू येत नाही. मागच्या महिन्यात मेहुण्याच्या तोंडून ऐकली तर त्यात एक पांढरं धोतर आलं होतं. कुठून आलं देव जाणे. म्हणून जेवढं पाहिलं तेवढंच इथं लिहून ठेवतो.

साल २०१४. गारपिटीचं साल, मराठवाड्यातल्यांना वेगळं सांगायला नको. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि हिंगोली जिल्ह्यातल्या एका मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आडतीवर लिखापढीला जायचो. गावाचं नाव देत नाही, आडत अजून चालू आहे. हळदीचा सीझन होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, मार्च ते जून आमच्याकडं सगळं पिवळं असतं. सकाळी बीट म्हणजे लिलाव, दुपारी काटा म्हणजे वजन, रात्री सांगलीकडं गाड्या. लांब कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळा. बनियन कितीही धुवा, पिवळाच. शिंकरलं तरी पिवळं.

मतदान १७ एप्रिलला झालं होतं आणि बोटावरची शाई अजून गेली नव्हती, म्हणजे त्यानंतरच्या आठवडाभरातलंच हे. मालक लग्नाला नांदेडला गेलेले. सांगलीची गाडी नऊला लागणार होती. हमाल जेवून येतो म्हणून घरी गेले. साडेसातला वावधान सुटलं आणि पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत लाईट गेली, रिवाजाप्रमाणं. मी शटर कमरेपर्यंत खाली ओढलं आणि गादीवर येऊन बसलो. मोबाईलची बॅटरी जपायची म्हणून टॉर्चही बंद केला.

दुकान लांबुळकं. पुढं गादी, मधे काटा, मागं पार भिंतीपर्यंत कट्ट्यांच्या, म्हणजे भरलेल्या पोत्यांच्या, थप्प्या. काटा म्हणजे जमिनीलगतचा लोखंडी पाट, दोन फूट बाय दोन फूट, तीनशे किलोचा, आणि उभ्या दांड्यावर आकड्यांची पेटी. पेटीला आतून बॅटरी असते, त्यामुळं लाईट गेली तरी लाल आकडे चालू राहतात. अख्ख्या दुकानात तेवढाच उजेड. ०.० असं दिसत होतं.

आता नीट वाचा, कारण इथंच सगळे घोळ घालतात.

काट्यावर कट्टा टाकला की आकडा एकदम उडतो. पन्नासचा कट्टा असेल तर क्षणभर साठ-पासष्ट दाखवतो, मग मागं येऊन थांबतो. दिवसाला दोन-तीनशे कट्टे लिहिणाऱ्याला हे न बघता कळतं. त्या रात्री आकडा उडाला नाही. आधी वीसच्या आसपास गेला, तिथं जरा अडखळला आणि मग वर चढला. एक पाय ठेवून दुसरा उचलावा तसा. ५१.४ ला आला. आणि थांबला नाही. ५१.३, ५१.४, ५१.५, परत ५१.४. कट्टा मेल्यासारखा पडून असतो, त्याचा शेवटचा आकडा गोठतो. माणूस काट्यावर उभा राहिला की शेवटचा आकडा असा हलत राहतो. तो हलतो, श्वास घेतो म्हणून.

मी काय केलं असेल? वही ओढली आणि ५१.४ लिहिलं. आकडा दिसला की लिहायचा, हातच तसा झाला होता. कट्टा नंबरचा रकाना मोकळा सोडला.

मग थोड्या वेळानं आकडा उतरला. परत तसाच, दोन टप्प्यांत. ०.०. मी टॉर्च लावला. पाटावर दिवसभराच्या हळदीचा भुगा पसरलेला, त्याच्यावर कट्ट्यांच्या तळाचे ठसे. पाऊल नव्हतं. थप्पी पाटापासून वीतभर लांब होती, एकही कट्टा घसरलेला नव्हता. शटरखालून कुणी आत आलं असतं तर माझ्या पायावरूनच गेलं असतं.

हमाल आले तेव्हा मी पावसात, रस्त्यावर उभा होतो. मालकांनी दुसऱ्या दिवशी काट्यापुढं नारळ फोडला, दांड्याला लिंबू-मिरची बांधली आणि मला वरचेवर एकटं ठेवणं बंद केलं. संपलं.

कुणाला काही सुचत असेल तर सांगा. चेष्टा केली तरी चालेल.

---

परभणीकर · रवि, १४/०५/२०२३ - २२:४१

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि भुतं मात्र हिंगोलीला? अन्याय आहे.

चेष्टा बाजूला. तो श्वासाचा आकडा वाचून हातावर काटा आला. (कोटी नाही, खरंच.)

---

गोदाकाठ · रवि, १४/०५/२०२३ - २३:०५

ही गोष्ट मी ऐकलेली आहे! माझे मामा त्याच मोंढ्यात होते. त्यात आवाजही आला होता ना? "लाभ" असा. जुने मापाडी पहिल्या धारणेला, म्हणजे पहिल्या वजनाला, एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. मामा सांगायचे की अंधारात कुणीतरी "लाभ" म्हणालं आणि मुनीम पळाला.

---

दाभण · रवि, १४/०५/२०२३ - २३:१२

आवाज नव्हता. हेच म्हणतोय मी. आणि मुनीम पळाला नाही, चालत बाहेर आला. बरं, भरभर चालत.

---

मिलीव्होल्ट · सोम, १५/०५/२०२३ - ०८:३०

सतरा वर्षं इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करतो, नांदेड आणि आसपास. धागा माझ्याच धंद्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

पाटाखाली लोडसेल असतो. धातूचा ठोकळा, त्याला चिकटवलेल्या बारीक तारेच्या पट्ट्या. वजन पडलं की ठोकळा केसभर वाकतो, पट्टी ताणली जाते, तिचा रोध बदलतो आणि मशीन तो फरक मोजतं. फरक किती, तर पाच व्होल्ट दिले तर अख्ख्या तीनशे किलोला साधारण दहा मिलीव्होल्ट. म्हणजे दाभण, तुझं भूत जेमतेम पावणेदोन मिलीव्होल्टचं आहे. एवढा फरक पडायला भूत कशाला पाहिजे? जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली तरी पडतो, उंदरानं वायर कुरतडली तरी पडतो, अर्थिंग नसलेल्या दुकानाजवळ वीज कडाडली तरी पडतो. त्यात तुमची हळद. तिचा भुगा ओल धरून बसतो, मी बॉक्स उघडले की आत पिवळा चिखल असतो. आणि बॅटरी उतरत आली की आकडे नाचतातच.

आता प्रश्न. एक, लाईट जाऊन किती वेळ झाला होता? दोन, त्या दिवशीचा शेवटचा कट्टा किती भरला होता? काही पेट्यांना होल्ड असतो, शेवटचं वजन धरून ठेवतात. ५१.४ म्हणजे बारदान्यासकट भरलेला कट्टाच की. तीन, सकाळी काटा शून्य दाखवत होता का?

---

तर्कट · सोम, १५/०५/२०२३ - १०:०२

मिलीव्होल्ट यांच्याशी सहमत. शिवाय मेंदूचा भाग विसरू नका. अंधार, एकटेपणा, दिवसभराचा थकवा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला विक टँडी नावाच्या इंजिनिअरला प्रयोगशाळेत कडेला करडी आकृती दिसायची. शोध घेतला तर नवीन बसवलेल्या पंख्यामुळं एकोणीस हर्ट्झच्या आसपासची, कानाला ऐकू न येणारी कंपनं तयार होत होती. पंखा नीट केला, भूत गेलं. १९९८ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला.

दुसरं, जुनी आणि भयंकर गोष्ट. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रतज्ज्ञानं एका झपाटलेल्या घराची हकिकत छापली होती. पावलं वाजायची, माणसं दिसायची, घरातली झाडं मरायची. बिघडलेल्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साईड येत होता. आमच्याकडं लोडशेडिंगच्या काळात शटर अर्धं ओढून आत जनरेटर चालवणारे दुकानदार मी पाहिलेत. त्यांना भूत दिसलं तर नारळ नको, खिडकी उघडा.

---

परभणीकर · सोम, १५/०५/२०२३ - १०:२०

लाईट गेली होती. पंखा कसा फिरेल?

---

तर्कट · सोम, १५/०५/२०२३ - १०:२६

मुद्दा मान्य. वारा तरी होताच.

---

मिलीव्होल्ट · सोम, १५/०५/२०२३ - १३:१५

वाऱ्याचा हिशोब दुपारी डबा खाताना केला. दोन बाय दोनच्या पाटावर ५१ किलोचा दाब द्यायला ताशी एकशे सत्तर किलोमीटरचा वारा लागेल, आणि तो छपरातून सरळ खाली यायला पाहिजे. असं झालं असतं तर दाभण आज धागा काढायला नसता. वारा बाद.

---

आजीची गोधडी · सोम, १५/०५/२०२३ - १५:४८

आमच्या आजीच्या मते दिवेलागणीला दुकानात आलेल्या कुणालाही "नाही" म्हणू नये. मीठ, सुई, हळद संध्याकाळी उधार देऊ नये हे आहेच. पण आलेल्याला बसा म्हणावं. कोण आलंय ते आपल्याला काय माहीत.

अवांतर: असं काही झालं की लोक लगेच सैलानीच्या दर्ग्याला, भूत उतरवायला घेऊन चला म्हणतात. दाभण यांना नेलं नाही हे नशीब.

---

तर्कट · सोम, १५/०५/२०२३ - १६:३०

नशीबच. लातूर-नांदेडकडं भानामतीच्या नावाखाली किती बायकांचे हाल झाले ते जुन्या माणसांना विचारा. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर फुल्या उठतात. शोधायला गेलं की घरातलंच गांजलेलं कुणीतरी निघतं. आणि मार खाणारी भलतीच असते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत पहिलंच कलम भूत उतरवायच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीचं आहे, ते काही उगाच नाही. म्हणून असल्या गोष्टी "अनुभव" म्हणून वाचताना मला मजा येत नाही, माफ करा.

---

उमरग्याची · सोम, १५/०५/२०२३ - २१:५५

मजेसाठी नाही लिहीत, पण एक सांगते.

आमचं किराणा दुकान होतं, भूकंपात गेलं. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छपन्न मिनिटं. ती वेळ आमच्याकडं लहान पोराला पण पाठ असते. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांनी परत दुकान मांडलं. माल थोडा असायचा, रात्री राखणीला ते एकटे आतच झोपायचे. किती तरी दिवस त्यांना पहाटे चारच्या सुमारास हाक ऐकू यायची, "दुकान उघडा." उठून पत्रा सरकवला की कुणी नाही.

एकदा त्यांनी शेजारच्या शेडमधल्याला विचारलं. तो म्हणाला, मलाबी येते. पलीकडचाही म्हणाला. सगळी वस्ती त्या वेळेला जागीच असायची, कुणी कुणाला सांगत नव्हतं एवढंच. मग वडील चारला दुकान उघडायलाच लागले. लोक यायचे, चहापत्ती-साखर घ्यायचे, नाही तर नुसते बसायचे. हाक कधी बंद झाली ते त्यांच्या लक्षात नाही.

जुन्या उधारीची वही मात्र त्यांनी ढिगाऱ्यातून शोधून आणली होती. त्यातली एक ओळ त्यांनी कधी खोडली नाही. ती माणसं नव्हतीच आता, पण खोडली नाही.

तर्कट, याला काय नाव द्यायचं ते तुम्हीच ठरवा. आम्ही काही दिलं नाही.

---

तर्कट · सोम, १५/०५/२०२३ - २२:१०

नाही देत.

---

गोदाकाठ · मंगळ, १६/०५/२०२३ - ०९:४०

आज मामांना फोन केला. ते म्हणाले आवाज होताच, आणि मुनिमानं पळताना चप्पल सोडली. पांढऱ्या धोतराचं विचारलं, तर म्हणाले ते होतं का? असेल. 🙂

---

परभणीकर · मंगळ, १६/०५/२०२३ - ०९:५२

दोन वर्षांत त्या धोतरवाल्याला फेटा पण मिळेल बघा.

---

दाभण · मंगळ, १६/०५/२०२३ - २३:३७

चप्पल पायात होती.

मिलीव्होल्ट यांच्या प्रश्नांसाठी दोन दिवस घेतले. आज मोंढ्यात गेलो होतो. मालक थकलेत, मुलगा बघतो आता. माळ्यावर जुन्या वह्यांची पोती असतात, इन्कम टॅक्सच्या भीतीनं कुणी टाकत नाही. तीन तास शोधली. हात कोपरापर्यंत पिवळे झाले, इतक्या वर्षांनी.

वही सापडली. लाईट जाऊन तासाभराच्या आतच होतं, कारण बाजूला मी ८.२० लिहिलंय, ते माझं मलाच आठवत नव्हतं. शेवटचा कट्टा ५०.२. त्या दिवशी एकशे त्र्याऐंशी कट्टे झाले, सगळे बघितले, ५१.४ एकही नाही. सकाळी काटा शून्य होता आणि पुढं दोन सीझन तोच चालला. मधे एकदा वैधमापनवाल्यांचा शिक्काही झाला, त्यांनी काही खोट काढली नाही.

---

मिलीव्होल्ट · बुध, १७/०५/२०२३ - ०७:१५

मग होल्ड नाही. ओलही नसावी, ओल लागली की आकडा चढतो खरा, पण वाळेपर्यंत उतरत नाही. हळूहळू सरकला असता तर मशीननं स्वतःच शून्य करून घेतलं असतं. विजेच्या झटक्याला टप्पे नसतात. बॅटरी तासाभरात उतरत नाही, जुनी असली तर सांगता येत नाही.

गिऱ्हाईक असता तर लोडसेल बदलून दिला असता आणि बिल लावलं असतं. एवढंच सांगू शकतो.

एक विचारू? तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये "मग थोड्या वेळानं आकडा उतरला" असं आहे. बाकी सगळं तू आकड्यागणिक लिहिलंस. तो थोडा वेळ तेवढा दोन शब्दांत उरकलास.

---

दाभण · रवि, २१/०५/२०२३ - २२:५०

मिलीव्होल्ट, तुम्ही काटे दुरुस्त करता का पोलिसात आहात?

गाळलं होतं ते लिहितो. हे घरीही कुणाला माहीत नाही.

आमच्या आडतीवर एक म्हातारे हमाल होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. आदल्या पावसाळ्यात त्यांना टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या चालू होत्या. पोतं उचलायचं बंद झालं होतं, पण घरी करमत नाही म्हणून येऊन बसायचे, सुतळी वळायचे, फाटका बारदाना शिवून द्यायचे. माझं इथलं नाव त्यांच्याच हातातल्या दाभणावरून आहे.

डॉक्टरांनी त्यांना वजन वाढलं पाहिजे म्हणून सांगितलेलं. मग रोज संध्याकाळी, काटा मोकळा झाला की, मामा चप्पल काढून पाटावर उभे राहायचे. आधी एक पाय, मग पेटीचा दांडा धरून दुसरा. त्यांना आकडा वाचता यायचा नाही, मला विचारायचे. "किती भरलो मुनीम?" मी मुनीम नव्हतो, वीस वर्षांचं पोरगं होतो, पण ते मला मुनीमच म्हणायचे. त्रेचाळीस म्हणलं की "हात्तिच्या" म्हणायचे. "पन्नास झालो की सांगजो. त्या दिवशी चहा माह्याकडून."

मालकांना ते आवडायचं नाही. काटा नाजूक असतो, हमाल उभे राहून खराब करतात, असं त्यांचं म्हणणं. (मिलीव्होल्ट, खराब होतो का हो?) मामांना बोलायचं काम माझ्याकडं होतं. रोज तेच. "मामा, उतरा आता. मालक बघतील."

गारपीट झाली त्या आठवड्यात मामा गेले. शेवटचा आकडा मी सांगितलेला बेचाळीस का त्रेचाळीस. म्हणजे ५१.४ जुळत नाही. माझं गणित बरं आहे, उगाच जुळवू नका.

त्या रात्री आकडा लिहून झाल्यावर मी मान वर केली. तो अजून हलतच होता. भीती वाटली का, तर तेव्हा नाही. ती नंतर, रस्त्यावर. त्या वेळेला तोंडातून आपोआप निघालं, जे रोज निघायचं तेच. "मामा, उतरा आता."

मग उतरला.

---

उमरग्याची · रवि, २१/०५/२०२३ - २३:०८

…

---

मिलीव्होल्ट · रवि, २१/०५/२०२३ - २३:२०

नाही होत खराब. तीनशे किलोच्या काट्याला माणसानं काय होतंय.

---

आजीची गोधडी · सोम, २२/०५/२०२३ - ०७:०२

आणि चहा?

---

दाभण · सोम, २२/०५/२०२३ - ०७:४४

दुसऱ्या दिवशी दोन हाफ सांगितले होते. एक प्यायलो. दुसरा काट्याजवळ ठेवला, तो गार झाल्यावर पोऱ्या ग्लास न्यायला आला, मग तोही मीच प्यायलो. पैसे माझ्याच नावावर मांडले.